घायपाताचा बोर्ड आणि पितळेचं बूच

मी बडबड्या माणूस आहे, हे आधीच सांगतो. सापगावात कुणालाही विचारा — पम्या बोलायला लागला की समोरच्याचा चहा गार होतो. माझ्या पोटात काही राहत नाही. बायकोला माझं लग्नाआधीचं सगळं माहीत आहे, आईला मी गोव्यात काय काय उद्योग केले ते माहीत आहे. फक्त एक गोष्ट मी कधी कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, आईला नाही, दोस्तांबरोबर बसून चढल्यावरसुद्धा नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही कुंदाताईला ओळखत नाही, हे एक कारण. आणि मागच्या महिन्यात ती आमच्याकडे येऊन गेली, तेव्हापासून मला जेवण नीट जात नाही, हे दुसरं.

पण एकदम मुद्द्यावर यायला मला जमणार नाही. जरा फिरून येतो. चालेल ना?

तर — मी सर्फिंग करतो. हसू नका. आमच्याकडे सगळे हसतात. शहापूर तालुक्यात धरणं आहेत, नद्या आहेत, समुद्र औषधालाही नाही. मी भातसा नदीत पोहायला शिकलो, बारावीत आपटलो आणि वाशिंदला कंपनीत लागायचं सोडून गोव्याला एका हॉटेलच्या किचनमध्ये कांदे कापायला गेलो. तिथे दुपारच्या सुट्टीत पहिल्यांदा लाटेवर उभा राहिलो. उभा कसला, धडपडलोच. पण त्यानंतर माझं दुसरीकडे मन लागलं नाही. गोकर्ण, कोवळम, तिकडे चेन्नईच्या खालचा किनारा — जिथे लाट तिथे मी. पोटासाठी मिळेल ते करायचं. भांडी घास, मोडके बोर्ड सांध, पर्यटकांना पोटावर झोपवून पाण्यात ढकल. पावसाळ्यात आपल्या बाजूचा समुद्र खवळतो, सर्फिंगच्या शाळा बंद होतात, तेव्हा मी घरी. आई म्हणायची, "पावसात बेडकं येतात आन माझा पोरगा येतो."

मोडके बोर्ड सांधता सांधता वाटायला लागलं की आपला बोर्ड आपणच घडवावा. फोमचा ठोकळा तासायचा, कडा गोल करायच्या, वरून फायबरचं कापड आणि रेझीन — हे मी ठिकठिकाणी बाजूला उभं राहून पाहिलं होतं. थोडं हाताने करूनही पाहिलं होतं, आणि वाईट केलं होतं. मग एका किनाऱ्यावर एका परदेशी माणसाकडे लाकडी बोर्ड दिसला. उचलला तर काय — हलका! कसलं लाकूड विचारलं, तर त्याने मोबाइलवर झाडाचा फोटो दाखवला. घायपात! आपल्या बांधावर कुंपणाला लावतात ते. आयुष्यात एकदाच त्याच्या मधून उंच दांडा निघतो, फुलतो, आणि झाड मरून जातं. वाळलेला दांडा आमच्याकडे कुणी शिडीला घेतं, कुणी मांडवाला, नाहीतर चूल पेटवायला. मी तिथेच ठरवलं, या पावसाळ्यात मामाकडे जाऊन बसायचं.

मामा वैशाखऱ्याचा. मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाताना लागतं ते गाव. मामाने जन्मभर सुतारकाम केलं — आमच्या घरात ते पिढीजात नव्हे, तरुणपणी कल्याणला शिकून आलेला. पुढे तयार दारं-खिडक्या बाजारात आल्या, मामाची नजरही गेली, आणि रंधे, पटाश्या, करवती सगळं कुंदाताईच्या हातात आलं. कुंदाताई मामाची थोरली. माझ्याहून चांगली मोठी. लहानपणी मला काखोटीला मारून गावभर फिरवलेलं, आणि अजूनही तसंच वागवायची. लग्न झालं, ते टिकलं नाही, ती माहेरी परत आली. का टिकलं नाही ते ती कधी बोलली नाही आणि तिला विचारायची कुणाची छाती नव्हती. तोंड म्हणजे पटाशी! मी पहिल्या दिवशी रंधा धरला तर म्हणाली, "आरं, तो रंधा हाय, म्हशीची शेपटी नाय. वढ नीट."

आता मुख्य गोष्ट ऐका, म्हणजे पुढचं कळेल. तिचा धाकटा भाऊ राजेश मुरबाडच्या कारखान्यात होता. चांगला पोरगा, पण बहीण घरात बसून आहे हे त्याच्या बायकोला टोचायचं आणि बायकोला टोचलं की त्याला टोचायचं. त्याने मुरबाडचं एक स्थळ आणलं होतं, बिजवर. कुंदाताई नको म्हणत होती. त्या पावसाळ्यात मी घायपाताचं खूळ घेऊन तिथे उतरलो. माझ्या ओळखीचा मालवणकडचा एक सर्फिंगच्या शाळेचा मालक होता. त्याला फोन केला तर तो म्हणाला, निव्वळ लाकडाचा बोर्ड बनवून आण, पाऊस संपला की पाण्यात घालून बघू, टिकला तर दर मोसमाला तुमच्याकडूनच घेईन. हे ऐकल्यावर कुंदाताईने रात्रीची भाकरी थापता थापता राजेशला सगळ्यांदेखत सांगितलं, "दिवाळीपतुर थांब. माझी फळी पाण्यावर टिकली तर मी हितंच शेड टाकीन आन माझं माझं करीन. नाय टिकली तर तू म्हणशील तिथं उभी राहीन."

बोर्डाला ती फळीच म्हणायची. शेवटपर्यंत.

तेव्हा त्या फळीवर तिचं काय काय अवलंबून होतं, हे मला माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. मला माहीत नव्हतं असं नाही.

काम सुरू झालं. दांडे तिने उन्हाळ्यातच तोडून आणलेले होते, मांडवासाठी. पण पावसाळ्याच्या दमट हवेत ते वाळवायचे कसे? मी म्हटलं, पाऊस उघडेपर्यंत थांबू, उन्हात वाळवू. परदेशी लोक तसंच करतात. ती म्हणाली, "परदेशी लोकांकडं चूल हाय का?" आणि सगळे दांडे चुलीवरच्या माळ्यावर चढवले. आमच्याकडे बांबू, बियाणं, पाट्या, सगळं तिथेच ठेवतात. खालून धूर लागत राहतो, किडा लागत नाही, लाकूड हळूहळू कोरडं होतं आणि तडकत नाही. मी चिडलो. म्हटलं, ताई, धुराचा तेलकटपणा लाकडात बसेल, गोंद धरणार नाही. ती म्हणाली, वरचा थर तासून टाकायचाच आहे ना? आमची त्यावर मोठी वादावादी झाली. मामा खाटेवरून हसत होता. शेवटी तिचंच झालं. तिच्या घरात कुणाचं होणार?

मी तिला आकार सांगायचो — नाक किती वर, शेपूट किती निमुळती, कडा कुठे गोल आणि कुठे धारेच्या. ते मला लाटेवरून माहीत होतं, पायांना माहीत होतं. हातात उतरत नव्हतं. तिने प्लायचा फर्मा कापला, म्हणजे अर्ध्या बोर्डाचा आकार. तो एकदा इकडे, एकदा उलटा ठेवून रेघ मारायची. दांडे उभे चिरले, प्रत्येक पट्टी आतून कोरून पोकळ केली, मग सगळ्या एकमेकींना जोडल्या. शिकंजे कमी पडले तेव्हा तिने सायकलच्या ट्यूबा गुंडाळून आवळलं. मी शिकत होतो. शिव्या खात शिकत होतो, आणि तुम्हाला खरं सांगतो, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला पावसाळा होता.

आता बुचाचं सांगतो. पोकळ लाकडी बोर्डात हवा कोंडलेली असते. बोर्ड उन्हात तापला की ती हवा फुगते आणि सांधे उघडू शकतात. म्हणून नाकाजवळ एक बारीक भोक ठेवायचं आणि त्यात पितळेचा स्क्रू, खाली रबराचा वायसर. कुंदाताई त्याला बूच म्हणायची. जमिनीवर असताना, गाडीत, उन्हात बूच काढून ठेवायचं. पाण्यात जायच्या आधी घट्ट बसवायचं. कामं आम्ही वाटून घेतली होती — लाकूड तिचं, पाणी माझं. म्हणजे बूच माझं. हे तिने मला दहा वेळा घोकून घेतलं होतं. दुसऱ्या कुठल्या धंद्यात ही चूक होणारच नाही बघा. चूक करायला आधी भोक असावं लागतं.

दसरा झाल्यावर निघालो. राजेशच्या मित्राचा पिकअप मिळाला. ऑक्टोबरचं ऊन, बोर्ड मागे गोधडीत गुंडाळून बांधलेला. वैशाखऱ्याला मीच बूच काढलं आणि माझ्या हाफपँटच्या चेनच्या खिशात टाकलं. कुंदाताई पुढे बसली, केसात अबोली माळलेली. समुद्र तिने एकदाच पाहिला होता, जुहूला, शाळेच्या सहलीत. वाटेत पेणच्या पुढे म्हणाली, "फळी नाय तरली तर मी तिथंच राहीन रे, मासं सुकवीत." आणि स्वतःच खो खो हसली.

सकाळी किनाऱ्यावर पोचलो. माझे जुने दोस्त भेटले. शाळेचा मालक होता, नितीन म्हणून तिथला शिकवणारा होता, आणखी दोघे-चौघे. सगळे बोर्डाभोवती जमले. हात फिरवत होते, वा वा करत होते. आणि मी — मी काय करत असेन? बोलत होतो. घायपात कसं वाढतं, आमच्याकडे चूल कशी असते, नाकाचा उठाव मी कसा ठरवला. मी मी मी. कुंदाताई जरा मागे उभी होती, पदर डोक्यावर घेऊन, उन्हामुळे. ती म्हणाली, "पम्या, समदं बगितलंस ना नीट?" मी मान न वळवता म्हणालो, "हो गं, पाणी माझ्याकडे आहे ना!"

 तिने विश्वास ठेवला. नितीन बोर्ड काखेत घेऊन गेला.

सुरुवातीला बोर्ड असा चालला म्हणून सांगू! नितीनने दोन लाटा पकडल्या, दुसरीवर तर तो पार किनाऱ्यापर्यंत आला आणि आमच्याकडे बघून ओरडला. मालक कुंदाताईकडे वळून म्हणाला, "बाई, कसब आहे तुमच्या हातात." मी पाहिलं, तिचे डोळे भरले होते. मग नितीन परत आत गेला, लांब गेला. आणि मग त्याला परत येता येईना. वल्हवतोय, वल्हवतोय, बोर्ड पुढे सरकत नाही. नाक खाली गेलेलं. घायपात पूर्ण बुडत नाही, पण पोटभर पाणी प्यायलेला बोर्ड म्हणजे ओंडका. दोरीने पायाला बांधलेला. ओढ्यासारखा प्रवाह त्याला बाहेर खेचत होता, आणि एका लाटेने तो ओंडका उचलून त्याच्याच तोंडावर आणला. आम्ही सगळे धावलो. रापणीचं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांची होडी जवळ होती, त्यांनी नितीनला वर घेतला. जबडा फुटलेला, रक्त, पाणी प्यायलेला — पण शुद्धीवर होता. नंतर बरा झाला.

दोरी सोडलेला बोर्ड लाटांनी किनाऱ्याच्या बाजूला ढकलला होता, मी त्याच्याकडे पोहत गेलो. बोर्ड आणायचं काम माझं ना? पालथा झालेला उलटा केला, नाकाला हात घातला. आणि बोट भोकात गेलं.

आता सांगतो. याच्यापुढे फिरायला जागा नाही.

बूच माझ्या खिशात होतं. मी विसरलो होतो. विसरतो माणूस, ते मी मानतो — त्यासाठी मी हे लिहायला बसलो नसतो. पण मी तिथे, गळ्याइतक्या पाण्यात, किनाऱ्याकडे पाठ केली. खिशाची चेन उघडली. बूच काढलं, वायसर लावला, आणि भोकात घालून नखाने फिरवत, फिरवत, अगदी घट्ट बसवलं. एकदा आटे चुकले, ते परत काढून सरळ बसवलं. इतकं शांतपणे केलं मी. मग बोर्ड ओढत किनाऱ्यावर आलो.

का केलं? मी समुद्राचा माणूस. तिथले सगळे मला ओळखणारे. तालुक्यात समुद्र नसलेला, तरी लाटेवर उभा राहणारा पम्या. तोच बूच लावायला विसरला आणि नितीनचा जबडा फुटला, हे त्या लोकांसमोर मला झेपणारं नव्हतं. एवढंच. याच्याहून मोठं कारण मी शोधून पाहिलं आहे, सापडलं नाही.

कुंदाताई धावत आली आणि आधी काय केलं असेल? बुचाला हात लावला. घट्ट होतं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ सांध्यांवरून बोटं फिरवायला लागली. मालकाने नितीनला दवाखान्यात पाठवलं आणि परत आला. म्हणाला, सांधे गळतात, हे मला नाही चालणार, माणसाचा जीव आहे. बरोबरच होतं त्याचं. कुंदाताई हात जोडून उभी होती. बातमी ऐकून धावत आलेल्या नितीनच्या बायकोचे तिने पाय धरले. मी बाजूला उभा राहून ते पाहिलं.

वैशाखऱ्याला परत आल्यावर ती गळती शोधत बसली. वायसर पाण्याच्या पिंपात घालून तपासला, ठीक निघाला. बोर्ड हौदात दाबून धरला, बुडबुडे येतात का पाहिलं. नाही आले. तरी तिला पटेना — समुद्रात गळलं म्हणजे कुठेतरी गळत असणार. शेवटी तिने करवत घेतली आणि आपल्या हाताने तो बोर्ड उभा चिरला. एवढा पावसाळा घातलेला. आतल्या बाजूला एका सांध्याच्या कडेला काळसर रेघ होती. तिने ती मला दाखवली आणि विचारलं, "हे काय रे?"

काय होतं ते? काही नव्हतं. तासायची राहिलेली सालीची कड. आणि मी म्हणालो, "धूर असेल, ताई. धुराचं तेल. मी तेव्हाच म्हटलं होतं."

बूच पाण्यात लावलं ते घाबरून, असं एखादा म्हणेल. हे वाक्य बोललो तेव्हा मला कसली भीती होती? कुणी माझ्यावर संशय घेतला नव्हता. ती चुकीच्या जागी शोधत होती आणि मी तिला ती जागा नक्की करून दिली. वर वादात मीच जिंकलो, हेही पदरात पाडून घेतलं. मला स्वतःची किळस येते ती या वाक्याची.

तिने त्या रेघेवरून नख फिरवलं. मग म्हणाली, "तू सांगत व्हतास. मीच शाणी." बस. कुंदाताईच्या तोंडून "माझं चुकलं" मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

दिवाळीनंतर ती मुरबाडच्या त्या बिजवराशी लग्नाला उभी राहिली. बुद्धविहारात छोटंसं लग्न झालं. मी होतो ना. बुंदी वाढली, पाहुण्यांना हसवलं. माणूस वाईट नाही. मारत नाही, पीत नाही. फक्त बाईमाणसाने करवत चालवलेली त्याला आवडत नाही, लोक हसतात म्हणतो. तेव्हा निघायच्या आधी तिने मला माळ्यावरून सगळं काढून दिलं — रंधे, पटाश्या, शिकंजे, तो प्लायचा फर्मासुद्धा. म्हणाली, "ने तू. पडून गंजण्यापरीस कुणाच्या तरी हातात राहू दे." मी नेलं. 

पुढे माझंही लग्न झालं, फिरणं कमी झालं, आणि मी सापगावला आमच्या घरामागे पत्र्याची शेड टाकली. आज मी घायपाताचे बोर्ड बनवतो. लोक घेतात. गोव्याला जातात, केरळला जातात, एक-दोन देशाबाहेरही गेले. सुरुवातीला दांडे उन्हात वाळवले — तडकले, उरलेल्यांना भुंगा लागला, भुसा झाला. मग काय केलं असेल मी? आईच्या चुलीवर माळा बांधला. तेव्हापासून एक बोर्ड तडकलेला नाही, एक सांधा गळलेला नाही. फर्मा तिचाच. पट्टी आतून कोरायची पद्धत तिचीच. कौतुक करणाऱ्या माणसाला मी सांगतो, ही आमच्याकडची पद्धत. आमच्याकडची! आणि कुंदाताई कधी फोनवर विचारायची, "कसं वाळवतोस रे आता?" तर मी सांगायचो, "उन्हात, ताई." ती म्हणायची, "हां, तेच बरं."

मागच्या महिन्यात आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. कुंदाताई बघायला आली. एकटीच, दुपारची. आईशी बोलून झाल्यावर मला न विचारता मागे शेडमध्ये गेली. मी दारात फोनवर होतो, मला उशिरा कळलं. आत गेलो तर ती एक दांडा नाकाशी धरून उभी होती.

"धुरावरचा हाय," ती म्हणाली.

मी म्हटलं, "हो."

"कवापासून?"

"आहे... पहिल्यापासूनच जवळजवळ."

"आन गळत नाय?"

"नाय."

तिने दांडा खाली ठेवला. एक तयार बोर्ड कामाच्या लाकडी घोडीवर ठेवलेला होता, त्याच्या सांध्यावरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिचे हात आता मऊ पडलेत. मग माझ्याकडे पाहून तिने विचारलं, "मंग माझी का गळली रे?"

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. एका कारागिराने दुसऱ्याला विचारावं तसं विचारलं. शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. बायको आत, आई खाटेवर, शेजारी कुणी नाही. मला नाव जायची भीती उरलेली नाही, त्या किनाऱ्याशी माझा संबंध उरलेला नाही, नितीन आता दुबईला असतो. मला फक्त तोंड उघडायचं होतं.

मी म्हणालो, "काय माहीत, ताई. तुझा गोंद जुना असेल."

तिने जरा आठवल्यासारखं केलं. "असंल," म्हणाली. "वास येतच व्हता त्याला." मग म्हणाली, बरं झालं विचारलं, इतकी वर्षं उगाच धुराला दोष देत होते. चहा प्यायली, आईच्या पायाला तेल लावून दिलं, आणि संध्याकाळच्या एस.टी.ने मुरबाडला गेली.

गोंद नवा होता. कल्याणहून मीच आणला होता आणि तिच्यासमोर डबा मीच फोडला होता, त्याला कसलाही वास नव्हता. तिच्या धुरात काही चूक नव्हती, सांध्यात नव्हती, हातात नव्हती. भोक मी उघडं ठेवलं, मीच लपून बंद केलं, आणि कुंदाताईला हे अजून माहीत नाही.